टेरिजियमची शस्त्रक्रिया: कोणते कलम आणि ते कशाने बसवलेले

डोळ्यात मांस वाढले आहे आणि ते काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की नागपुरातील बहुतेक कुटुंबे पहिला प्रश्न विचारतात तो असा, की टाके घालणार की ग्लूने चिकटवणार. रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात बसून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचे उत्तर देण्याआधी मी आता नेहमी दुसराच प्रश्न पुढे ठेवतो: मांस काढल्यावर जी जागा उघडी पडेल ती झाकणार कशाने? टाके किंवा ग्लू हे झाकण जागेवर धरून ठेवण्याचे साधन आहे, आणि मांस पुन्हा येईल की नाही हे मुख्यतः झाकण काय आहे, ते किती मोठे आहे आणि त्याखालची जागा किती नीट साफ केली आहे यावर ठरते. खर्चाच्या कागदावर मात्र ग्लूची ओळ ठळक असते आणि कलमाची, म्हणजे या झाकणाची, ओळ नसतेच; त्यामुळे घरची चर्चा भलत्या टोकाने सुरू होते. पुढील मजकूर ती चर्चा योग्य टोकाने सुरू व्हावी यासाठी लिहिला आहे. अंतिम निर्णय डोळा प्रत्यक्ष तपासणाऱ्या शल्यविशारदांचाच असतो, हे गृहीत धरून तो वाचावा.

आधी हे टेरिजियमच आहे का

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जी पातळ, पारदर्शक त्वचा पसरलेली असते तिला नेत्रश्लेष्मला म्हणतात. ही त्वचा जाड, रक्तवाहिन्यांनी लाल होऊन त्रिकोणी आकारात कॉर्नियावर, म्हणजे बोलीभाषेत काळ्या बुबुळावर, चढू लागली की तिला टेरिजियम म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ लहान पंख असा आहे. विदर्भात हिंदीच्या सान्निध्यामुळे अनेक जण यालाच नाखुना म्हणतात, आणि आयुर्वेदात याचे नाव अर्म असे आहे; सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अर्माचे पाच प्रकार सांगून ते छेदनाने बरे करायच्या रोगांत घातले आहे. म्हणजे कापून काढण्याची कल्पना फार जुनी आहे. कापल्यावर काय करायचे, हा प्रश्न मात्र गेल्या काही दशकांतच सुटत आला आहे.

पांढऱ्या भागावरच राहणारा, कॉर्नियावर न चढणारा पिवळसर उंचवटा म्हणजे पिंग्वेक्युला. त्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. याउलट उंचवटा राखाडी किंवा जेलीसारखा दिसत असेल, त्यावर पांढरा खरखरीत पापुद्रा असेल, त्याला आत जाणाऱ्या जाड रक्तवाहिन्या असतील किंवा तो थोड्या महिन्यांत झपाट्याने वाढला असेल, तर तो डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था असू शकते. अशा वाढीची शस्त्रक्रिया वेगळ्या नियमांनी होते: गाठीला हत्यार न लावता तिच्या भोवतीच्या सुमारे ४ मिलिमीटर निरोगी दिसणाऱ्या ऊतीसह ती काढतात, कडांना अतिशीत उपचार देतात आणि मोठी जागा बहुधा गर्भावरणाने, म्हणजे वारेच्या आतल्या पातळ आवरणाने, झाकतात, काही रुग्णांना केवळ थेंबांच्या रूपातील औषधांनीही गुण येतो. येथे चुकून साधी टेरिजियमची शस्त्रक्रिया झाली तर नुकसान मोठे होते. म्हणून काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठवणार का, हे कोणत्याही शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावे. तो टाकून दिला की शंका निरसन करण्याची संधीही त्याच्यासोबत जाते.

टेरिजियम निश्चित झाले तरी प्रत्येक टेरिजियम काढायचे नसते. ते बुबुळाच्या मध्याकडे सरकत असेल, त्याच्या ओढीमुळे चष्म्याचा तिरपा नंबर वाढत असेल, डोळा वळवताना ताण पडत असेल किंवा थेंब घालूनही डोळा वारंवार लाल होत असेल, तर शस्त्रक्रियेला अर्थ आहे. मोतीबिंदूही असेल तर आधी टेरिजियम काढून, बुबुळाची वक्रता स्थिर होईपर्यंत काही आठवडे थांबून मगच भिंगाचे माप घ्यावे, असे सामान्यतः सांगितले जाते, कारण ओढलेल्या बुबुळावर घेतलेले माप फसवे निघू शकते.

जागा उघडी ठेवण्याची पद्धत

मांस खरवडून काढायचे आणि खालचा पांढरा भाग, म्हणजे श्वेतपटल, तसाच उघडा ठेवायचा, ही सर्वांत सोपी पद्धत आहे. ती पटकन होते आणि स्वस्त असते. परंतु वेगवेगळ्या अभ्यासांत या पद्धतीनंतर टेरिजियम परत येण्याचे प्रमाण २४ टक्क्यांपासून ८९ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. माझ्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्यांच्या उजव्या डोळ्याची पहिली शस्त्रक्रिया एका रुग्णालयात याच पद्धतीने झाली, आणि दहा-पंधरा मिनिटांत सुटका झाली म्हणून ते खूश होते. चौथ्या महिन्यात डोळा लाल राहू लागला आणि पावसाळा संपेपर्यंत मांस पहिल्यापेक्षा जाड होऊन परतले. परत आलेले टेरिजियम नुसते पुन्हा आलेले नसते. ते व्रणासारखे घट्ट असते, खालच्या थरांना चिकटलेले असते आणि नाकाच्या बाजूला डोळा वळवणारा स्नायूही कधी त्यात गुंतलेला असतो. पहिली शस्त्रक्रिया नीट निवडण्याचे महत्त्व येथे कळते, कारण दुसऱ्या वेळी तोच डोळा अधिक अवघड झालेला असतो.

कारण समजायला अवघड नाही. जखम उघडी राहिली की भोवतालच्या पेशी ती भरून काढायला धावतात, आणि त्यांत टेरिजियम तयार करणाऱ्या तंतुपेशीही असतात. त्यांच्या वाटेत निरोगी, जिवंत ऊतीचा बांध घातला तर बुबुळाकडे होणारी धाव अडते. कडा ओढून जागा नुसती शिवून टाकण्याची पद्धतही आहे. तीत ताण पडतो आणि मांस परतण्याचे प्रमाण जास्तच राहते, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही.

स्वतःच्याच डोळ्याचे कलम

१९८५ मध्ये केनयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या लेखानंतर, त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखाली झाकलेल्या भागातून नेत्रश्लेष्मलेचा तुकडा घेऊन तो उघड्या जागेवर बसवण्याची पद्धत सर्वत्र रुजली. त्यांच्या मालिकेत ५७ डोळ्यांपैकी ३ डोळ्यांत टेरिजियम परत आले होते. आजही साध्या, प्रथमच झालेल्या टेरिजियमसाठी हेच कलम बहुतेक नेत्रशल्यविशारदांची पहिली पसंती असते, आणि माझ्या मते रुग्णानेही तुलना येथूनच सुरू करावी: दुसरी पद्धत सुचवली गेली तर ‘माझ्या डोळ्यात हे कलम का चालणार नाही’ असे विचारावे. त्याला चांगले उत्तर असू शकते, पण ते उत्तर मिळाले पाहिजे.

‘चांगल्या जागेवर कशाला कापता’ ही भीती बहुतेकांना वाटते. वरची जागा पापणीखाली उन्हापासून वाचलेली असते, तेथील त्वचा निरोगी असते, आणि तुकडा घेतल्यावर ती जागा टाक्यांशिवाय साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. कौशल्य लागते ते तुकडा पातळ काढण्यात. नेत्रश्लेष्मलेखाली टेनन्स नावाचा चिवट तंतुमय थर असतो. तो कलमासोबत आला तर कलम आकसते, सुजते आणि जाड दिसते. उघड्या जागेचे माप कॅलिपरने घेऊन कलम त्यापेक्षा सुमारे १ मिलिमीटर मोठे घेतात, म्हणजे आकसल्यावरही कडा ताणल्या जात नाहीत. शिवाय कलमाची वरची बाजू वरच राहिली पाहिजे आणि त्याची बुबुळाकडची कड पुन्हा बुबुळाकडेच आली पाहिजे. त्यासाठी कलम उचलण्याआधी त्यावर शाईने खूण करतात, कारण सुटलेला तुकडा ओल्या कागदासारखा गुंडाळतो आणि उलटसुलट कळेनासा होतो.

ही गोष्ट काकांना दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी समजावताना मला चित्र काढावे लागले नाही. संत्र्याचे कलम करताना जंबेरीच्या खुंटावर जो भाग बसवतात त्याला आपल्याकडे डोळाच म्हणतात, आणि काका क्षणात म्हणाले, ‘डोळा उलटा भरला तर कलम लागते काय बाप्पा?’

या कलमाचे दोन उपप्रकार रुग्णाच्या कानावर पडतात. पहिल्यात कलमासोबत लिंबसची, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या सांध्याची, पातळ कडही घेतात. कॉर्नियाचा पृष्ठभाग नव्याने तयार करणाऱ्या मूळपेशी त्या कडेत असतात, म्हणून परत आलेल्या टेरिजियममध्ये या प्रकाराकडे अधिक कल असतो; मात्र कड खोल किंवा लांब काढली तर दात्या जागेचे नुकसान होऊ शकते, त्यामुळे हा अनुभवी हातांचा विषय आहे. दुसऱ्यात कलम वरून न घेता खालच्या बाजूने घेतात. काचबिंदू असलेल्या किंवा होण्याची शक्यता असलेल्या रुग्णासाठी हे फार महत्त्वाचे ठरते, कारण पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली तर वरच्या बाजूची अस्पर्श नेत्रश्लेष्मला लागते. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते विचारले नाही तरी सांगावे.

कलमाच्या आकाराबाबत ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील लॉरेन्स हर्स्ट यांचे काम टोकाचे आणि बोलके आहे. त्यांनी टेनन्स थर फार विस्तृत काढून अतिशय मोठे कलम बसवण्याची पद्धत घडवली आणि २०१२ मध्ये सलग १००० शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. त्यांत टेरिजियम केवळ एकदा परत आले होते. शस्त्रक्रिया लांबते आणि नंतर डोळा अधिक दुखतो, म्हणून सगळे तसे करत नाहीत. तरीही मांस वरवर काढले की मुळापासून, या प्रश्नाचे वजन त्यातून कळते.

गर्भावरणाचा पर्याय

सिझेरियन प्रसूतीनंतर मिळालेल्या वारेचे सर्वांत आतले पातळ आवरण, म्हणजे गर्भावरण, स्वच्छ करून आणि जतन करून वापरतात. दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिस यांसाठी तपासणी झालेली असते. ते अतिशीत तापमानात जपलेले किंवा वाळवलेले अशा दोन्ही रूपांत मिळते. ते दाह कमी करते, रुग्णाच्या पेशींना वाढण्यासाठी पाया देते आणि काही आठवड्यांत विरघळून जाते. म्हणजे ते त्वचेची जागा घेत नाही. त्वचा येईपर्यंतची ती गादी आहे. परकी ऊती म्हणून शरीर ते नाकारेल ही भीती येथे व्यवहारात आड येत नाही.

तुलना केली तर पारडे स्वतःच्या कलमाकडेच झुकते. १९९७ मध्ये प्रभासवत, सेंग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात प्रथमच झालेल्या टेरिजियममध्ये परतण्याचे प्रमाण स्वतःच्या कलमानंतर २.६ टक्के, तर गर्भावरणानंतर १०.९ टक्के होते. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २० चाचण्यांमधील १९४७ डोळ्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही सहा महिन्यांनंतर टेरिजियम परत येण्याचा धोका स्वतःच्या कलमात गर्भावरणाच्या जवळजवळ निम्मा दिसला. त्यामुळे साध्या टेरिजियमला ‘नवीन तंत्रज्ञान’ म्हणून गर्भावरण सुचवले जात असेल तर घाई करू नये.

मात्र त्याची स्वतःची जागा पक्की आहे. नाकाकडून आणि कानाकडून असे दोन्ही बाजूंनी आलेले टेरिजियम, फार मोठे टेरिजियम, आधीच्या शस्त्रक्रियांनी नेत्रश्लेष्मला व्रणमय झालेला डोळा, किंवा काचबिंदूसाठी राखून ठेवायची जागा, अशा वेळी स्वतःची पुरेशी ऊती मिळतच नाही आणि गर्भावरण उपयोगी पडते. कधी दोन्ही एकत्र वापरतात: कडेला स्वतःचे लहान कलम आणि उरलेल्या जागी गर्भावरण. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, रसायनाने भाजलेल्या डोळ्यांसाठी, गर्भावरणावर लिंबसचे बारीक कण पसरून पृष्ठभाग वाढवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. त्याचेच छोटे रूप काही शल्यविशारद टेरिजियममध्येही वापरतात.

आता टाके की ग्लू

येथपर्यंतचे ठरले की मूळ प्रश्नाकडे येता येते. टाके सर्वत्र उपलब्ध असतात, कलम घट्ट धरतात आणि स्वस्त पडतात. त्यांना वेळ जास्त लागतो, आणि पहिले काही दिवस डोळ्यात कचरा गेल्यासारखे टोचते. विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत, नायलॉनचे काढावे लागतात.

फायब्रिन ग्लू हा दोन द्रवांचा संच असतो: एकात फायब्रिनोजेन, दुसऱ्यात थ्रोम्बिन. दोन्ही एकत्र येताच रक्त गोठण्याची शेवटची पायरी कृत्रिमरीत्या घडते आणि कलम थोड्याच वेळात चिकटते. शस्त्रक्रिया लवकर संपते आणि नंतरचा त्रास स्पष्टपणे कमी असतो. २०१६ च्याच दुसऱ्या कॉक्रेन आढाव्यात ग्लूनंतर टेरिजियम परत येण्याचे प्रमाण टाक्यांपेक्षा कमी आढळले, पण कलम सुटणे किंवा सरकणे यांसारख्या गुंतागुंती जास्त होत्या. ग्लू मानवी रक्तद्रवापासून बनवलेला असतो. तो तपासून आणि विषाणू निष्क्रिय करून बनवतात, तरी ही गोष्ट रुग्णाला आधी माहीत असावी.

तिसरा मार्ग रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचा. मांस काढल्यावर तेथे जे थोडे रक्त पाझरते तेच गोठू देऊन त्यावर कलम काही मिनिटे दाबून धरतात. त्याला वेगळा खर्च नाही आणि परके प्रथिनही नाही. अडचण एकच, पण खरी आहे: पहिल्या दोन-तीन दिवसांत कलम सरकण्याची शक्यता येथे अधिक असते. डोळा चोळण्याची सवय असलेल्या किंवा पट्टी टिकवू न शकणाऱ्या माणसासाठी मी तो सुचवणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर तसे आधी सांगावे, आणि त्या स्वतःच्या मनाने मात्र कधीही बंद करू नयेत. खर्च झेपत नसेल तर स्वतःचे कलम टाक्यांनी बसवून घेणे हा कमी प्रतीचा पर्याय नाही. कलमाशिवाय केलेल्या स्वस्त शस्त्रक्रियेपेक्षा तो कितीतरी चांगला आहे.

मायटोमायसिन-सी या औषधाचा उल्लेख कधी होतो. पेशींची वाढ रोखणारे हे औषध साधारण ०.०२ टक्के तीव्रतेचे, स्पंजने काही मिनिटे लावून भरपूर पाण्याने धुऊन टाकतात. परत आलेल्या, चिवट टेरिजियममध्ये त्याला स्थान आहे. उघड्या श्वेतपटलावर जास्त वापरले गेले तर पुढे कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनीही तो भाग पातळ होऊन विरघळू शकतो, म्हणून ते कलमाऐवजी नव्हे तर कलमाच्या जोडीला आहे का, हे विचारावे.

नागपुरात ठरवताना

मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची दाटी आहे. कोठेही गेलात तरी कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात आणि उत्तरेही लिहून आणावीत: उघडी जागा कशाने झाकणार, कलम वरून घेणार की खालून, टेनन्स थर किती काढणार, बसवणार कशाने, तुकडा तपासणीला जाणार का, आणि कलम सरकले तर पुन्हा बसवण्याचा खर्च वेगळा आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण बिलावरून होणारे बरेचसे वाद त्याच एका मुद्द्यावर होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून त्याच दिवशी विचारून घ्यावे.

‘डोळ्याचे ऑपरेशन थंडीतच करावे’ ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. आजच्या तंत्राला ऋतूची अट नाही. तरीही बागेत किंवा शेतात राबणाऱ्या माणसाने नवतप्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया करून आठ दिवसांत पुन्हा उन्हात उभे राहण्यापेक्षा, विश्रांती मिळेल असे आठवडे निवडणे शहाणपणाचे आहे. होळी मध्ये येत असेल तर रंगापासून पूर्ण दूर राहण्याची तयारी हवी.

नंतरचे वर्ष

पहिल्या आठवड्यात कलम सुजलेले, लालसर किंवा फिकट दिसते. आरसा पाहून घाबरू नये आणि चोळू नये. वेदना वाढणे, नजर कमी होणे, पू येणे किंवा कलम जागेवरून हललेले दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे, कारण सरकलेले कलम लवकर कळले तर पुन्हा बसवता येते. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत बहुधा सहा-आठ आठवडे चालतात. ते मध्येच बंद केले तर दाह उसळतो, आणि दुकानातून आणून मनाने चालू ठेवले तर काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. म्हणून या काळात दाब मोजून घ्यावा.

हर्स्ट यांच्याच १९९४ मधील एका अभ्यासात परत येणाऱ्या टेरिजियमपैकी सुमारे निम्मी पहिल्या चार महिन्यांत आणि ९७ टक्के पहिल्या वर्षात दिसली होती. त्यामुळे डोळा छान दिसतो म्हणून तिसऱ्या महिन्यात तपासणी सोडणे ही सर्वांत महागडी काटकसर ठरते. लवकर दिसलेली लाली औषधांनी किंवा इंजेक्शनने आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करता येतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात आपण दुपट्ट्याने कान-नाक बांधतो आणि डोळे मात्र उघडे ठेवतो. ऑस्ट्रेलियातील मिनास कोरोनिओ यांनी १९९३ मध्ये मांडले, की कानाच्या बाजूने तिरपे येणारे अतिनील किरण कॉर्निया भिंगासारखे वळवून नाकाकडच्या लिंबसवर एकवटते, आणि टेरिजियम बहुधा नाकाकडूनच का सुरू होते याचे हे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. म्हणून चष्मा निवडताना काचेच्या काळेपणापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: तो ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवतो का, आणि त्याच्या बाजू कानशिलापर्यंत वळलेल्या आहेत का. काकांनी असा चष्मा घेतला, त्यावर रुंद काठाची टोपी घातली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरच्या बाराव्या महिन्यातील तपासणीलाही ते तसेच आले.